शेतं वाढली की माणसं वाढतात, माणसं वाढली की शेतं… हा भस्मासुर आवरायचा कसा?

कवडी_फासे (इंदूर)
मंडळी, आमचा घरगुती खेळ बऱ्यापैकी उभा राहिलाय. षटकोनी फरशांचा नकाशा, चार पक्ष: मानव, यक्ष, नाग आणि वेताळ. रविवारी पोहे-जलेबी उरकून रामबागेत एका मित्राच्या गच्चीवर बसतो. सुरुवात झकास होते, पण मध्यावर आलं की खेळ संपल्यात जमा. कोण जिंकणार ते सगळ्यांना कळलेलं असतं आणि तरी तासभर मोहरे सरकवत बसायचं.

नियम थोडक्यात सांगतो. लोकसंख्येचं एकक म्हणजे ‘घर’. एक घर एका शेतावर बसवलं की फेरीला ३ पोती येतात. प्रत्येक घर २ पोती खातं, मग ते शेतावर असो, किल्ल्यात असो की फौजेत. उरलेली ४ पोती साठली की नवं घर. प्रत्येकाची सुरुवात ४ घरांनी.

होतं असं की जो पहिल्या फेऱ्यांत निमूट शेती करतो तो पुढे सगळ्यांना चिरडतो. यावर एकच उतारा, तिसऱ्या फेरीला त्याच्यावर धाड घालायची. म्हणजे एकतर सगळे कृषिखातं चालवतात, नाहीतर सुरुवातीलाच मारामारी. मंत्र, गुहा, शापित विहिरी वगैरे आम्ही इतक्या हौसेने रंगवल्यात, तिथवर कुणी पोचतच नाही. नव्या घराची किंमत ४ वरून ६ केली. तेच घडतं, फक्त उशिरा.

एक अट आहे. वेताळ धान्य खात नाहीत. हे सर्वानुमते ठरलंय, त्यावर भांडू नये.

वेताळपक्ष
शेवटच्या अटीला अनुमोदन. बाकी चालू द्या.

आकडेमोड
भांडण आकड्यांशी नाहीच, वक्राशी आहे. शेतावरचं घर ३ पिकवतं, २ खातं, १ उरतं. चार उरली की एक घर. म्हणजे सगळे शेतीत असतील तर दर फेरीला २५ टक्के चक्रवाढ. ४ घरांची दहाव्या फेरीला ३७ आणि विसाव्या फेरीला जवळपास ३५० होतात. पूर्ण पोत्यांच्या हिशेबामुळे थोडी कमी भरतील, पण चित्र तेच. किंमत ६ केलीत तर विसाव्या फेरीला ८७. शर्यत लांबली, शर्यतीचा निकाल नाही बदलला.

खरी मेख पहिल्या फेरीत आहे. चारातलं एक घर किल्ल्यावर पहाऱ्याला बसवून बघा. तीन शेतांची ९ पोती येतात, चार तोंडं ८ खातात, उरतं १. आधी ४ उरत होती. एका पहारेकऱ्यापायी वाढ पाऊणपट गेली! मग किल्ला कोण बांधेल? तुमची मंडळी भित्री नाहीत, शहाणी आहेत.

यावर ताबडतोबीचा उपाय म्हणजे राजधानीच्या फरशीला स्वतःचं थोडं उत्पन्न द्या, कुणालाही न बसवता. सिव्हिलायझेशन या संगणकावरच्या खेळात हेच आहे. शहराच्या मधल्या चौकोनातून अन्न आपोआप येतं आणि प्रत्येक नागरिक २ अन्न खातो. राजधानीची ४ पोती फुकट धरली तर पहारेकरी ठेवूनही ५ उरतात. चारही घरं शेतावर असती तर ८ उरली असती, त्या तुलनेत तेही कमीच, पण निदान नवं घर तरी होतं. पोटापुरतं हमखास मिळालं की माणूस जुगार खेळतो.

ही झाली मलमपट्टी. वाढीला लगाम घालायचा तर असं काहीतरी हवं जे लोकसंख्येबरोबर आपोआप जड होत जाईल. माझ्या मते जागा तीनच: जमीन, अंतर आणि काळ.

रामबागकर
इतकं लांब कशाला जायचं भिया? संगणकावरचा वॉरक्राफ्ट ३ बघा. त्याच्या २००३ च्या फ्रोझन थ्रोन या पुरवणीत मानवांचं एक शेत म्हणजे ६ जणांची सोय, कमाल मर्यादा १००. फौज ५० पर्यंत असली तर सोनं पूर्ण मिळतं, ५१ ते ८० मध्ये ७० टक्के, त्यापुढे ४० टक्के. संपला विषय. मोठी फौज ठेवणाऱ्याची कमाई कापली की तो उधळत नाही. लहान पोरालाही एका वाक्यात समजतं.

आकडेमोड
रामबागकर, मला तो नियम आवडतो. पण तिथलं शेत काही पिकवत नाही, तो नुसता परवाना आहे. अर्ध्या तासाच्या लढाईला तेवढं पुरतं. कवडी यांच्या खेळात दुष्काळ, साठा, धाड हे सगळं शेतातून यायचंय. परवान्यावर दुष्काळ कसा पडणार?

सांवेरची_काळी_माती
मी खेळ फारसे खेळत नाही, पुतण्याने धागा दाखवला म्हणून लिहितोय. घरची शेती आहे.

तुमच्या नकाशावर प्रत्येक शेत ३ च पोती कसं देतं? कुठल्या गावात सगळी जमीन सारखी असते? आमच्याच शिवारात नाल्याकडची भारी काळी, मधली मध्यम आणि टेकडीकडची बरड, तिथे नांगर लावला की मुरूम वर येतो. माणूस आधी भारी जमीन धरतो, ती संपली की मध्यम, आणि अगदीच नाइलाज झाला की बरड. फरशांना ४, ३ आणि २ पोती द्या. बरडीवरचं घर २ पिकवेल, २ खाईल, शिल्लक शून्य. कुणी नियम न लावता वाढ आपोआप थांबते. आणि भारी जमिनीवरून भांडणं होतील ती वेगळी. ती तुम्हाला हवीच आहेत ना?

दुसरं म्हणजे बियाणं. तुमच्या खेळात ते कुठेच दिसलं नाही. शेत पेरायचं तर मागच्या राशीतलं काही बाजूला काढावं लागतं. प्रत्येक शेतामागे एक पोतं बियाण्याचं ठेवायला लावा. उपासमार आली तर ते खायची मुभा द्या, पण पुढच्या फेरीला ते शेत रिकामं. आता खेळाडू घाम पुसेल बघा.

तिसरं, पाऊस. माळव्याची काळी माती बाहेरच्यांना फक्त गाण्या-म्हणींतून माहीत असते, ‘पग पग रोटी, डग डग नीर’. पावसाळ्यात तिच्यात पाय टाकून पाहा. चप्पल तिथेच राहते आणि पाय दोन वितींच्या गोळ्यासकट वर येतो, वखर तर चालतच नाही. उन्हाळ्यात तीच इतकी भेगाळते की भेगेत मनगटापर्यंत हात जातो. म्हणून पूर्वी आमच्याकडे भारी जमीन पावसाळाभर पडीक ठेवायचे, तिच्यात ओल मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू घ्यायचे. १९७० च्या दशकापासून सोयाबीन पसरलं आणि ती खरिपाची पडीक भरून निघाली. खेळात हे विद्या म्हणून ठेवा. विद्या शिकेपर्यंत भारी जमीन वर्षातून एकदाच पिकते, शिकली की दोनदा.

कवडी_फासे
काका, हे सोनं आहे. जमिनीचे तीन प्रकार आज रात्रीच रंगवतो. बियाण्याचंही घेतोय.

आकडेमोड
काकांनी जे सांगितलं तेच अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोने १८१७ मध्ये जमिनीच्या खंडाच्या, म्हणजे भाड्याच्या, सिद्धांतात मांडलं होतं. वाईट जमीन लागवडीखाली आली की चांगल्या जमिनीचा भाव चढतो. खेळाच्या भाषेत, जसजशी बरड भरत जाईल तसतशी नाल्याकाठची एक फरशी चार घरांच्या फौजेइतकी मोलाची होईल. मारामारी तिसऱ्या फेरीवरून आठव्या-नवव्या फेरीला सरकेल, आणि कशासाठी मारामारी करायची हेही दिसेल.

सीमोल्लंघन
शेतं कशी पिकतात यावर बोलणं चाललंय, पण फौज कुठून येते ते कुणी विचारलंच नाही. कवडी यांच्या नियमात फौजेतलं घर वर्षभर फौजेत. आपल्याकडे असं नव्हतं. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायच्या आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परतायच्या. नद्या भरलेल्या, वाटा चिखलाच्या, घोड्याला चारा-दाणा जुळवायचा, आणि शिपायांतले कितीतरी जण घरचे कुणबीच.

तेव्हा वर्षाच्या तीन फेऱ्या करा: पावसाळा, हिवाळा, उन्हाळा. तेच घर पेरणीला शेतावर बसेल आणि दसऱ्यानंतर हातात भाला घेईल. मोहीम लांबली आणि घर पेरणीला परतलं नाही तर ती फरशी पडीक. मग शत्रूला हरवायची गरजच नाही, त्याला नुसतं आषाढापर्यंत अडकवून ठेवलं तरी पुरे! वेढ्याचा अर्थ बदलतो.

अंतराचं म्हणाल तर बंजारे आणा. फौजांना धान्य पुरवणारे त्यांचे बैलांचे तांडे हजारोंनी असत. बैल वाटेवर चरत जायचे, म्हणून लांबच्या वाहतुकीचा खर्च आवाक्यात राहायचा. गाडीला रस्ता लागतो, तांड्याला लागत नाही. नियम साधा: धान्य तीन फरशांपर्यंत फुकट जातं, त्यापुढे प्रत्येक फरशीला एक पोतं वाटेतच खर्च. तांड्याचा मोहरा असेल तर खर्च निम्मा, पण तांडा लुटता येतो.

आणि हो, फुकटात जगणारी फौज हवीच असेल तर पेंढारी ठेवा. तुमच्या इंदुरात बसून हा खेळ रचताय आणि पेंढारी नाहीत म्हणजे कमाल आहे. डिसेंबर १८१७ ची इंग्रज-होळकरांची महिदपूरची लढाई ज्या युद्धात झाली ते पेंढाऱ्यांच्या बंदोबस्ताच्या निमित्तानेच सुरू झालं होतं. पेंढारी तुमच्या कोठारातलं खाणार नाहीत, ज्या फरशीवर उभे असतील तिचं खातील, आणि त्या फरशीचं पीक पुढचं वर्षभर एकाने घटेल. ती फरशी तुमची स्वतःची असली तरी!

रामबागकर
भिया, खेळ आहे की तलाठ्याचं दप्तर? जमिनीचे तीन प्रकार, बियाणं, ऋतू, तांडे, पेंढारी. दोन तासांत संपायला हवा ना? आमची आई पण खेळते, तिला फक्त नाग आवडतात.

सीमोल्लंघन
आईंसाठी नागांना बिळात धान्य साठवता येतं असं करू.

बडोदेकर_भटका
बडोद्याहून नमस्कार. साठ्यावरून आठवलं, कोठाराला मर्यादा हवीच. मी ट्रॅव्हियन बरीच खेळलोय. तिथे पिकाचं उत्पन्न उणे झालं आणि कोठार रिकामं पडलं की फौज उपासमारीने मरू लागते. रात्री झोपायच्या आधी लोक शत्रूचं कोठार किती तासांत रिकामं होईल याचा हिशेब करत बसतात. लढाई न करता मारायची ती पद्धत फार क्रूर आणि फार मजेशीर.

१९९४ च्या मास्टर ऑफ मॅजिकमध्ये दुसरी गंमत होती. शहरातली माणसं शेतकरी की कामकरी हे दर फेरीला बदलता यायचं. शेतकरी २ अन्न द्यायचा, हाफलिंग जातीचा ३. हजार लोक १ अन्न खायचे, सैन्याची प्रत्येक तुकडी १, आणि जास्तीचं अन्न निम्म्या भावाने सोन्यात विकलं जायचं. साठा नाहीच. त्यामुळे ‘यंदा किती शेतकरी ठेवू’ हा प्रश्न कधी संपायचा नाही. आणि मंत्राने बोलावलेली भुतंखेतं अन्न नाही खायची, जादूची शक्ती खायची. वेताळवाल्यांनी हे लक्षात घ्यावं.

एक मुद्दा मात्र कुणी काढला नाही. लोकसंख्या चढते आणि उतरते एकाच वेगाने, असं धरू नका. छपन्याचा दुष्काळ, संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००, तुमच्या माळव्यातही पडला आणि आमच्या गुजरातेतही. १८९१ ला बडोदे संस्थानची लोकसंख्या २४ लाख होती, १९०१ च्या खानेसुमारीत साडेएकोणीस लाख भरली. आणि १९११ ला? जेमतेम सव्वावीस लाखांच्या वर. पडायला एक दुष्काळ लागला, पण भरून यायला दहा वर्षंही पुरली नाहीत. तुमच्या खेळात दुष्काळात दोन घरं गेली की पुढच्या सुगीला लगेच दोन परत येतात. मग दुष्काळाची भीती कोण बाळगणार?

आकडेमोड
मला ‘काळ’ म्हणताना नेमकं हेच सुचवायचं होतं. आज शिल्लक धान्य दिसतं, त्यावर आज घर वाढतं. पण ते घर उद्याच्या पावसावर जगणार असतं. सुगीच्या जोरावर तोंडं वाढतात, पुढच्या साली पाऊस कमी पडला की तीच तोंडं बोकांडी बसतात.

काकांच्या जमिनीवर हिशेब मांडून बघा. खेळाडूकडे भारी ४, मध्यम ४, बरड २. एकूण १० घरं, बियाण्याचा वेगळा हिशेब नंतर. चांगल्या साली १६ + १२ + ४ = ३२ पोती, खाणं २०, शिल्लक १२. मोह काय होईल? तीन नवी घरं. आता १३ तोंडं, वाढलेली तिघं फौजेत, खाणं २६. पुढच्या साली पावसाने प्रत्येक फरशीचं एक पोतं कापलं. येतात २२. तूट ४, दोन घरं उपाशी. शहाण्याने एकच घर वाढवून ८ पोती पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, टाकली असती तर त्याचं खाणं २२, आलेली २२, आणि पेवातली ८ शाबूत. दुसऱ्या दुष्काळालाही तो उभा. आता शेती करणारे दोन प्रकारचे झाले, अधाशी आणि धोरणी. आधी एकच प्रकार होता.

यंदा पाऊस कसा ते ठरवणारी चिठ्ठी मात्र घर वाढवून झाल्यावर काढायची, आधी नाही. सगळा जीव त्या क्रमात आहे.

कवडी_फासे
हे फार पटलं. आम्ही आतापर्यंत चिठ्ठी फेरीच्या सुरुवातीला काढत होतो.

पेवातलं धान्य दर वर्षी चौथा हिस्सा सडवावं अशी एक सूचना गच्चीवर आली होती. ती मी घेणार नाही. पाटावर दर फेरीला प्रत्येकाने भागाकार करायचा म्हणजे खेळाचा विचका. त्यापेक्षा पेवावर खड्डे कोरून देतो, आठच पोती मावतील. त्यावरचं विका, वाटा नाहीतर खा.

सांवेरची_काळी_माती
आठ बरोबर. पण मोठं पेव बांधायची सोय ठेवा, एक घर खर्ची घालून.

सराफा_रात्रपाळी
उशिरा आलो. जमीन थकते हे कुणी घेतलं नाही का? सलग पीक घेतलं तर कस उतरणारच. आणि इंदूरचा खेळ म्हटल्यावर इंदूर पद्धतीचं खत नको? ती काढणारे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथेच होते, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि राख यांचे थर, अधूनमधून खालीवर करायचं, तीनेक महिन्यांत खत तयार. जगभर ती पद्धत इंदूरच्या नावाने ओळखली जाते आणि आपण इंदूर म्हटलं की शेव सांगतो.

खेळात: एखाद्या फरशीवर सलग दोन वर्षं पीक घेतलं की ती एक पायरी उतरते. भारीची मध्यम, मध्यमची बरड. खताचा खड्डा शेजारच्या फरशीवर असेल तर उतरत नाही. खड्ड्याला एक घर लागतं, ते काही पिकवत नाही पण आजूबाजूच्या सहाही फरशा वाचवतं.

रामबागकर
हे मात्र मला आवडलं. सहा फरशांच्या मधोमध एक खड्डा, नकाशा बघताक्षणी समजतं. कुठे शेत टाकायचं याला आकार येतो. बियाणं काढा आणि हे ठेवा, माझं मत.

सांवेरची_काळी_माती
बियाणं काढलंत तर मी पुतण्याला खेळू देणार नाही.

वेताळपक्ष
सगळं झालं? आता आमच्याकडे वळा. वेताळ खात नाहीत म्हणून तुम्ही आम्हाला स्वर्गात बसवलंय असं समजता. उलट आहे! आम्हाला पेव नाही, सुगी नाही, विकायला धान्य नाही. आमची संख्या वाढते फक्त कुणी मेलं की. मग आम्ही काय करतो? शेतं जाळतो आणि दुष्काळाची वाट बघतो. गेल्या डावात मानवांची चार घरं उपाशी मेली, आम्हाला चार वेताळ फुकट मिळाले आणि डाव तिथेच संपला. जिंकलो तरी मजा नाही आली.

आकडेमोड
कारण तुमच्या वाढीला काही खर्च नाही. दुसऱ्याचा खड्डा तो तुमचा डोंगर, आणि त्याला थांबवणारं कुणी नाही. अट न मोडता धान्याशी नातं जोडायचं असेल तर वेताळ बांधून ठेवायला मांत्रिक लावा. एक मांत्रिक तीन वेताळ सांभाळतो. मांत्रिक माणूस आहे, तो २ पोती खातो. मांत्रिक उपाशी मेला की त्याचे तिन्ही वेताळ सुटतात आणि जवळच्या फरशीवर पडतात, ती कुणाचीही असो. म्हणजे वेताळपक्षालाही थोडी शेती आलीच, आणि सगळा मुलूख बेचिराख करणं त्यांनाच महागात पडेल.

सीमोल्लंघन
शिवाय मानवांना अंत्यसंस्काराची सोय द्या. एक पोतं खर्चून मेलेल्या घराचं दहन केलं तर त्याचा वेताळ होत नाही. दुष्काळात आधीच धान्य नाही, त्यात हे एक पोतं. जिवंताला घालायचं की मेलेल्याला?

वेताळपक्ष
हे भयंकर आहे. मंजूर.

कवडी_फासे
मांत्रिक आणि दहन दोन्ही घेतो. या रविवारी जमिनीचे प्रकार, आठ खड्ड्यांचं पेव, पावसाची चिठ्ठी शेवटी, खताचा खड्डा आणि मांत्रिक एवढंच लावून खेळू. काकांच्या पुतण्यासाठी बियाणंही. तांडे आणि पेंढारी त्यापुढच्या खेपेला, रामबागकरांच्या आईंनी परवानगी दिली तर.

एकच अडचण राहिली. यक्ष. ते धनाचे राखणदार, त्यांना धान्य विकत घेता येतं असं आम्ही ठेवलं होतं. आता दुष्काळात भाव किती ठेवायचा? ठरावीक ठेवला तर यक्ष कधीच उपाशी राहत नाहीत.

बडोदेकर_भटका
ठरावीक ठेवूच नका. विकणाऱ्याने भाव सांगायचा, तोही पावसाची चिठ्ठी निघाल्यावर.

रामबागकर
म्हणजे गच्चीवर अर्धा तास घासाघीस. जलेबी जास्त आणावी लागेल. कवडी भिया, नऊला येतो, बरडीच्या फरशा मी रंगवून आणतो. माझ्याकडे गेरू पडून आहे.